यादीतलं दुसरं मशीन

रविवार, १ फेब्रुवारी २००९
प्रितेशचा सिंगापूरहून फोन. "बाबा, बरे आहात ना?" "बरा आहे." संपलं! चार मिनिटंही नाहीत. ही गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून घरातलं बोलणं एवढंच. पोराला मी रविवारपुरताच आठवतो. वाईट वाटतं, दुसरं काय!

२ फेब्रुवारी
संध्याकाळी सातला नेटवाला विपुल आला होता. प्रितेशने दिवाळीत बसवलेल्या वायरलेसच्या डब्याचं पान त्याने माझ्या लॅपटॉपवर उघडून दाखवलं. नेटला जोडलेल्यांच्या यादीत दोन मशीन! एक माझं. दुसरं कोणाचं? नाव नाही, नुसते आकडे.
"काका, पासवर्डच न्हाय तुमच्या नेटला. कुनी भलता मेल टाकला तर पोलीस तुमच्याच दारात!"
गोडाऊनवरचं कोणीतरी असणार. आता आमच्या वळ गावात शेतापेक्षा गोडाऊनच जास्त. शेजारी लडकू आहे, माझा सख्खा भाऊ. पण जमीन विकली तेव्हा वाटणीवरून फाटलं, मधे भिंत आली, नऊ वर्षं अबोला. तो माझ्या घरचं पाणीदेखील पिणार नाही, नेट कसलं वापरतोय!

३ फेब्रुवारी
दुसरं मशीन कालच्यासारखंच आजही संध्याकाळी सातच्या सुमाराला आलं. वीस मिनिटं थांबलं, गेलं. मी यादी उघडून बसलो होतो. आज दहा मिनिटं उशीर झाला तर जीव खालीवर — चोराची वाट बघतोय मी! हसू आलं. मग हसूही येईना.

४ फेब्रुवारी
सकाळी मीच प्रितेशला फोन केला. पासवर्ड कसा टाकायचा, विचारलं. "राहू द्या ना बाबा, मे महिन्यात आलो की करतो." याला काय! घरात चोर शिरला तरी हा मे महिन्यात येणार. रागाने फोन ठेवला.
मग डब्यासोबत आलेलं माहितीपुस्तक घेऊन स्वतःच बसलो. डब्ल्यूईपी नावाचं कुलूप जुनं, सहज फुटतं, म्हणून डब्ल्यूपीए-टू घेतलं. आठ अक्षरं तरी हवीत. टाकली, सेव्ह केलं — आणि माझंच नेट गेलं! डब्याला वायर जोडून पुन्हा बघितलं, तर लॅपटॉपलाही नवा पासवर्ड द्यायचा होता. दुपार गेली त्यात. पण जमलं! कोणाला सांगू?
सात वाजले. यादीत एकच मशीन.

५ फेब्रुवारी
एकच.

६ फेब्रुवारी
एकच. उगाच केलं. काय नेत होता बिचारा माझं? जेवलो नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी
सकाळी दारात लडकू. नऊ वर्षांनी! केस पांढरे झालेत त्याचे. उंबऱ्याबाहेरच उभा.
"दादा, नेट बंद केलास काय? प्रितेश रोज साताला तुझ्याच नेटवरनं आमच्या पोरीच्या लॅपटॉपवर माझ्याशी बोलतो. बाबा जेवला काय, गोळी घेतली काय, इचारतो — मी भिंतीवरशी बगून सांगतो. तू तर त्याला 'बरा हाय'च्या पुढं काय सांगतच न्हाय. तीन दिस झालं. आता त्याचा फोन आला, काका, जाऊन बग म्हनला."
मला पासवर्ड काही केल्या आठवेना. म्हटलं, आत ये, बस, शोधतो.