भोकाचा पेला

२ ऑगस्ट

ती. ताईस,
भिंगरीचा कोपरापर्यंत ओल्या हातांनी नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. तू पडलीस मुख्याध्यापिका, उशिराचं कारण विचारशीलच, तर ऐक. आमच्या शाळेत सध्या पाहुण्यांची रीघ लागली आहे, ह्याच महिन्यात संस्थेचे अध्यक्षही येणार आहेत, आणि प्रत्येक पाहुण्याला भौतिकशास्त्राची गंमत दाखवायची कुणी? मी! आज खिळ्यांच्या फळीवर बस, उद्या जड गोळा दोरीला टांगून नाकापासून सोड आणि तो परत आला तरी जागची हलू नकोस. आमच्या प्राचार्यांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, फाटकावर माझा हा एवढा फोटो लावला आहे. फोटोत मी डोळे वटारलेत आणि खाली लिहिलंय, जादूच्या बाई. सासूबाई फिरायला निघाल्या की त्या फोटोपाशी थांबतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ही आमची सून म्हणून सांगतात. मी मात्र मागच्या दाराने ये-जा करते.

हसू नकोस गं. सुरुवातीला हे असं नव्हतं. प्रयोग करण्याआधी मी मुलांना विचारायची, काय होईल? मग हात वर करून प्रत्येकाने अंदाज सांगायचा, मग करून बघायचं, आणि अंदाज चुकला की तो का चुकला ते सगळ्यांनी मिळून खोदून काढायचं. खरी मजा त्या चुकण्यातच होती. पण एकदा एका बड्या पाहुण्यांचा अंदाज भर सभेत चुकला, त्यांचं तोंड एवढंसं झालं, आणि मोठ्या सरांनी अंदाज बंद केले. आता तर पेल्यात पाणीसुद्धा मी भरायचं नाही, वेळ जातो म्हणे! शिपाईमामा सगळं तयार करून ठेवतात. मी उचलायचं, मुलांनी ठरलेलं उत्तर एका सुरात ओरडायचं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. वर्गात धडा शिकवायला गेले तरी पोरं गोळा सोडा म्हणून मागे लागतात.

ताई, मला गुदमरायला होतं. इथे सगळे माझं कौतुक करतात, त्यामुळे तक्रार कुणापाशी करायची तेही कळत नाही. तुझ्या शाळेत साध्या शिक्षिकेची जागा निघाली तर मला सांग. खडू, फळा आणि प्रश्न विचारणारी पोरं, एवढं पुरे. ह्यांना अजून काही बोलले नाही. वसतिगृहाची देखरेख ह्यांच्याकडे आणि राहायच्या खोल्या शाळेच्या, मी हलले की ह्यांचीही पंचाईत.

लोभ आहे तसाच राहू दे. रागावलीस तर थोडा वाढव.
तुझी,
भिंगरी

७ ऑगस्ट

चि. सौ. भिंगरीस,
ताईचे पाठीत धपाटा घालून आशीर्वाद, वि. वि.

जादूच्या बाईंचं पत्र पोचलं. त्या फोटोची एक प्रत मला धाड, स्वयंपाकघरात लावते, निदान दूध उतू जायला तरी घाबरेल. लहानपणी नळाखाली डबे उपडे घालून घरभर पाणी करायचीस आणि आई माझ्यावर डाफरायची. तेव्हाच तुझ्या फोटोखाली काय लिहायचं ते मी सांगितलं असतं.

आता कामाचं. आमचे भौतिकशास्त्राचे सर महिनाअखेरीस निवृत्त होताहेत. मी समितीपुढे तुझं नाव टाकलं. माझी बहीण म्हणून दोघांनी नाक मुरडलं, पण तुझी शिकवण्याची पद्धत समजावून सांगितली तेव्हा गप्प बसले. अट एकच आहे. तुझ्या शाळेने तुला कार्यमुक्त केल्याचं पत्र हवं, आणि तेही महिना संपायच्या आत. त्यानंतर जागा दुसऱ्याला जाईल आणि मग पुढची कित्येक वर्षं निघायची नाही. तेव्हा लाजत बसू नकोस, मोठ्या सरांकडे जा आणि सरळ माग.

राहायची काळजी नको. माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. जावईबुवांना इथे काही ना काही काम मिळेल, माणूस कष्टाळू आहे. खरं सांगू का, मलाही कुणीतरी हवंय गं. गुडघा कुरकुरतो, संध्याकाळी शाळा सुटली की घरात माझ्याच चपलांचा आवाज येतो. हे तुला येण्याची भीड पडावी म्हणून लिहीत नाही. पडली तर बरंच आहे.

सासूबाईंना नमस्कार. पत्र लांबवू नकोस, माया लांबली तर चालेल.
तुझी,
ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
भिंगरीचा पडल्या चेहऱ्याने नमस्कार, वि. वि.

मोठ्या सरांकडे गेले होते. त्यांनी चहा मागवला, माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला फाटकापाशी नेऊन माझाच फोटो दाखवला. हा बघून पालक मुलं इथे घालतात, हा मी कसा उतरवू, असं मलाच विचारलं. वर गोड आवाजात आठवण करून दिली, की राहायच्या खोल्या आम्हा दोघांना मिळून दिलेल्या आहेत. कार्यमुक्तीचं पत्र काही मिळायचं नाही. घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. तुझी मर्जी म्हणाले, आणि मग जेवताना भाजीत दोनदा मीठ घेतलं. घाबरलेत गं. आईला घेऊन कुठे जायचं, हाच विचार असणार.

आता खरी गोष्ट ऐक, हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. काल पाहुणे आले होते. तो पेल्याचा प्रयोग तुला ठाऊक आहे. पेला पाण्याने काठोकाठ भरायचा, वर पुठ्ठा ठेवून उपडा करायचा. खालून हवा पुठ्ठ्याला दाबून धरते, म्हणून पाणी सांडत नाही. माझ्याकडे तसाच आणखी एक पेला आहे, त्याच्या बुडाला मी तापल्या खिळ्याने भोक पाडलं आहे. तो उपडा केला की भोकातून वरूनही हवा शिरते आणि पुठ्ठा धाडकन पडतो. पुठ्ठा का राहतो हे कळायला तो पडलेलाही बघावा लागतो ना! पण हा दुसरा भाग मोठ्या सरांनी केव्हाच गाळला.

काल शिपाईमामांनी चुकून तो भोकाचाच पेला घेतला. नंतर मामांनीच सांगितलं, त्यांनी तालीम करून बघितली तर पुठ्ठा दर वेळी पडे. सभागृहात नवाकोरा गालिचा, बिचाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांनी काय करावं? पुठ्ठा पेल्याला गोंदाने पक्का चिकटवला, वरच्या भोकातून पाणी भरलं आणि उपडा पेला तबकात माझ्यापुढे ठेवला! मी आपली सवयीने तो उचलला. पुठ्ठा का पडला नाही, मी विचारलं. हवेचा दाब, असं सगळी पोरं छप्पर उडेल इतक्या जोरात ओरडली. टाळ्या! आणि तेव्हाच माझ्या तळव्याला ते भोक लागलं.

ताई, मी काही बोलले नाही. हसले आणि पुढचा प्रयोग उचलला. वरून भोक दिसत होतं गं, पुढच्या रांगेतल्या पोरांना नक्की दिसलं असेल. एकानेही विचारलं नाही. इतकी वर्षं मी ह्या पोरांना काय शिकवलं? पत्र लिहिताना रडू येतंय, अक्षर फुटलं असेल तर समजून घे.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
भिंगरी

१८ ऑगस्ट

चि. सौ. भिंगरीस,
ताईचे आशीर्वाद, आज धपाटा नाही.

रडू नकोस. शिपाईमामांच्या गोंदाचं वाचून मी आधी पोट धरून हसले आणि मग तुझं पुढचं वाचून ताट बाजूला सारलं. तिथल्या तिथे बोलली असतीस तर बरं झालं असतं, हे मी मोठी बहीण म्हणून एकदा सुनावते आणि विषय संपवते.

आता मी सांगते ते कर. तुझ्या मागच्याच एका पत्रात होतं, की ह्या महिन्यात संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. त्यांच्यापुढे तोच भोकाचा पेला घे, तसाच गोंद लावून. पोरं ओरडतील, टाळ्या पडतील, मग सगळ्यांसमोर पुठ्ठा सोलून गोंद दाखव आणि मनात आहे ते सगळं बोलून टाक. मोठ्या सरांची अशी शोभा झाली, की ते कार्यमुक्तीचं पत्र स्वतःच्या हाताने तुझ्या घरी आणून देतील. ज्यांना तू हवी आहेस म्हणून अडवतात, त्यांना नकोशी हो. मला दुसरी वाट दिसत नाही.

जावईबुवांना आधी कल्पना दे. माणसाला अंधारात ठेवून उडी मारायची नाही.

वाट बघतेय, लोभाची नव्हे, तुझी.
ताई

२३ ऑगस्ट

ती. ताईस,
भिंगरीचा नमस्कार. हसावं की रडावं ते कळत नाही, तूच ठरव.

सांगितलंस तस्संच केलं. अध्यक्ष पहिल्या रांगेत, मोठे सर त्यांच्या शेजारी, हे वसतिगृहाच्या मुलांबरोबर पार मागे उभे. पेला उचलला. हवेचा दाब! टाळ्या. मी हात वर करून थांबवलं. भोक दाखवलं, त्यावर बोट टेकवलं, मग नखाने पुठ्ठा सोलला. पाणी भस्सकन गालिच्यावर. काठावरचा गोंद सगळ्यांना फिरून दाखवला. म्हणाले, की इथे हवेने काही केलेलं नाही, सगळं गोंदाने केलंय. मुलं न बघता ओरडतात, आपण न बघता टाळ्या देतो, आणि ह्याला आपण शिकवणं म्हणतो. मी एकटीच नव्हे, आम्ही सगळे.

मग अध्यक्ष हसले. खो खो हसले गं! मांडीवर थाप मारून टाळ्या वाजवायला लागले, तसं सगळं सभागृह उठलं. त्यांना वाटलं हाही खेळच, शेवटची फिरकी. मोठ्या सरांनी डोळे पुसत माझी पाठ थोपटली आणि जाहीर केलं, की ह्यापुढे प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट ह्याच प्रयोगाने व्हायचा. शिपाईमामांकडे गोंदाचं खातं दिलंय. फाटकावर नवा फोटो येणार आहे, हातात पेला घेतलेला. सासूबाई आनंदाने घरभर फिरताहेत.

आता काय करू सांग. खरं बोलले तर त्याचाही खेळ झाला. भिंतीवर डोकं आपटलं तरी हे लोक टाळ्याच वाजवतील.

हसले नाहीत ते फक्त हे. घरी आल्यावर माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि म्हणाले, की पत्र मिळो न मिळो, आपण जाऊ, आईला मी समजावतो. ताई, मला एवढं कधीच कुणी दिलं नव्हतं.

तुझ्या समितीला मनव.
भिंगरी

२६ ऑगस्ट

चि. सौ. भिंगरीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

मनवलं! तुझं पत्र घेऊन थेट समितीत गेले आणि गालिच्यापर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. नाक मुरडणारे दोघे सर्वात आधी हो म्हणाले. कार्यमुक्तीच्या पत्राची अट काढली. फक्त तुझा लेखी होकार महिना संपायच्या आत हवा.

वरच्या खोल्या धुऊन घेतल्या. सासूबाईंना जिना जमायचा नाही म्हणून त्यांची व्यवस्था खाली माझ्या खोलीत केली आहे. म्हाताऱ्या आम्ही दोघी भांडू मजेत. खिडकीशी तुझ्यासाठी टेबल टाकलंय. जावईबुवांना म्हणावं, ती बॅग पुन्हा माळ्यावर जायला नको.

उलट टपाली होकार. आज लोभ वगैरे काही मागत नाही, सगळा एकदमच मिळणार आहे.
ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईस,
भिंगरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

होकार लिहायला बसले होते. बॅग भरलेली होती. मधे एक तास राहिला होता, म्हटलं शेवटचा म्हणून घेऊन येऊ. वर्गात गेले आणि कुठलाही खेळ न करता धडा काढला. तर मागच्या बाकावरची चष्मेवाली उभी राहिली. कधी तोंड न उघडणारी पोरगी. तिने विचारलं, की त्या दिवशी गोंद होता, तर मग आधीचं सगळंही तसंच होतं का? तो गोळा, ती खिळ्यांची फळी, सगळं? मी म्हटलं, नाही गं, ते सगळं खरं होतं. ती म्हणाली, की पहिल्यांदा गोंद लावला होता तेव्हाही तुम्ही हसलाच होतात, सभागृहातल्या पुढच्या रांगेतून मला भोक दिसलं होतं, पण बाई हसताहेत म्हणजे बरोबरच असेल असं वाटलं.

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आणि एकही जण ओरडत नव्हता.

मी पेले मागवले. बिनभोकाचे, भोकाचे, सगळे त्यांच्याच हातात दिले. ताई, तू बघायला हवं होतंस! आधी प्रत्येकाने काठावरून नख फिरवून गोंद आहे का ते बघितलं, पाण्याचा वास घेतला, पुठ्ठे आपल्या वह्यांचे फाडले, माझे घेतले नाहीत. अंदाज लावले, भांडले. पुठ्ठे पडले, राहिले, दप्तरं भिजली. तास संपल्याचं कुणाला कळलं नाही. चष्मेवालीचा पुठ्ठा राहिला. तिने तो खालून बघितला, वरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, की उद्या घरून पेला आणते, हा शाळेचा आहे.

शनिवारी पुन्हा पाहुणे आहेत. मला पुन्हा गोंद लावून हसायचं आहे, फाटकावर नवा फोटो लागला आहे, आणि मोठ्या सरांना ह्या तासाचा पत्ता लागला तर ते त्याचंही तिकीट लावतील. मला सगळं दिसतंय. ह्यांनी विचारलं, निघायचं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी कपडे एकेक करून कपाटात ठेवले. रागावलेसुद्धा नाहीत. तू तरी मला बोल.

ती जागा दुसऱ्या कुणाला दे, ताई. मी आता आले तर त्या वर्गातली पोरं आयुष्यभर समजतील, की बाईंनी फसवलं आणि पळाल्या. तू टेबल टाकलंस, खोल्या धुतल्यास, तुझ्या चपलांचा आवाज मला इथे बसून ऐकू येतो. पण त्या पोरीचा माझ्यावर अजून विश्वास नाही. तो बसेपर्यंत मी कशी येऊ?

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही, तरी मागते.
तुझीच,
भिंगरी