समुद्रातून येणाऱ्याचे डोळे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला नीट आठवत नाही, खोकला तेवढा आठवतो. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेच्या वयात गणपतीच्या कारखान्यात तुम्हीच बसवलंत. म्हणून मी बोलते आणि नात लिहिते. ती माझं बोलणं सुधारून लिहिते असा मला संशय आहे. "मी कशाला सुधारू गो आजी," म्हणते. हेही तिनंच लिहिलंय, तेव्हा खरं-खोटं कोणाला विचारायचं?

तर हमरापुरात आमच्या कारखान्यात सध्या गणपती नाहीत, एक राक्षस उभा आहे. आठ फूट उंच, शेपटी वेगळी. थंडीत कुठलासा जपानी पिक्चर यायचा आहे, त्यात हा समुद्रातून वर येतो आणि गावंच्या गावं तुडवतो म्हणे. रोह्याच्या थेटरवाल्याला तो दारात उभा करायचा आहे. विसर्जन होऊन गेलेलं, हातात काम कमी, म्हणून मुलानं घेतलं. अंग त्यानं केलं, डोळे मी आखायचे आहेत. ते मला जमतील की नाही, एवढंच ह्या पत्रात आहे.

यंदा गणपतीचे डोळे मला दिले नाहीत. हात कापतो. कप बशीत वाजायला लागला की सून आतून "आले आले" म्हणत येते, जसं काही मी घंटाच वाजवली. मुलगा वाईट बोलला नाही. "सत्तर वर्षं डोळे आखलेस, आता बस जरा," एवढंच म्हणाला, आणि माझ्या जागेवर दोन मुली बसवल्या. चांगल्या आहेत मुली. मग हा राक्षस आला, तेव्हा त्यानं ब्रश माझ्यासमोर ठेवला. "ह्याचे तू आख. राक्षसच हाय, थोडे वाकडे झाले तरी चालतील." त्याला वाटलं आईला बरं वाटेल. मी हसलेसुद्धा.

त्याचं स्वतःचं काय झालं ते ऐका. जन्मभर गणपती केलेला हात, राक्षसाचं पोट झालं ते आपल्या देवाचं. उजवा पंजा असा काही वर आला की थेटरवाला म्हणाला, "हा तुडवणार हाय का आशीर्वाद देणार हाय?" पंजा कापून पुन्हा लावला. पोट तसंच राहिलं. "जपानातले राक्षस काय उपाशी असतात?" असं मुलानं त्यालाच विचारलं.

अडचण अशी की ह्याचं तोंड अजून कोणी पाहिलेलं नाही. पिक्चरवाल्यांनी अर्धा मिनिट दाखवलंय, त्यात काळं पाणी, एक मोडकी होडी आणि ह्याची पाठ. त्या पाठीवरून जगभरची माणसं फोनवर भांडतात. कोण म्हणतं हा जुनाच, कोण म्हणतं त्याचं पिल्लू, कोण म्हणतं बाँबच्या आगीतून झालेला, कोण म्हणतं खोल पाण्यात राहून आंधळाच असणार. नात कॉलेजातून येते ती जेवायच्या आधी मला ही भांडणं वाचून दाखवते. गोष्ट जपान हरला ती मोठी लढाई संपल्यानंतरची आहे, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

मी तिला म्हटलं, ती वर्षं मला विचार. त्या लढाईत मी चार-पाच वर्षांची आहे, पेणच्या आपल्या पडवीत. रंगाचे डबे रिकामे आहेत, मुंबईहून रंग येत नाही, रॉकेल मापानं मिळतं. तुम्ही पणतीवर खापरी धरून काजळी जमवता आहात. आई म्हणते, "देवाला रंग नाय आणि तुमी काळं कसलं करताय?" तुम्ही वर न बघता म्हणता, "अंगाला गेरू चालंल. डोळ्याला काळाच लागतो." त्या वर्षी आपले सगळे गणपती मातीच्या रंगाचे गेले, डोळे तेवढे खरे. त्या जपानातल्या लोकांकडे तर गेरूही नसेल, घरंच जळलेली. आणि त्यातच हा वर येणार. तुडवायला उरलं काय होतं, ते मला कळत नाही.

मी दहा-अकराची झाले तेव्हा तुम्ही मला खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश करून दिलात. मी पहिल्या मूर्तीचे डोळे आखले, मला ते फार छान वाटले. तुम्ही मूर्तीपुढे जमिनीवर मांडी घालून बसलात, आरती झाल्यावर घरातलं माणूस बसतं तसे, आणि किती तरी वेळ वर बघत राहिलात. "हा माझ्याकडं बघत नाय," म्हणालात. मूर्ती उचललीत आणि मातीच्या पाण्यात बुडवलीत. ओरडला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तेव्हापासून आखलेल्या प्रत्येक मूर्तीपुढे मी खाली बसले आहे आणि विचारलं आहे, बघतोस का रे?

म्हणून राक्षसापुढेही बसले. गुडघे वाजले ते त्यानंही ऐकले असतील. मग नातीला विचारलं, "हा माणसांकडं बघतो का नाय?"

"म्हंजे?"

"रागानं बघत असंल तर बुबुळ खाली येतं. बघतच नसंल तर समोर, लांब. पुरात आंबा नदी नागोठण्यात शिरते ती हे कोणाचं घर हाय ते बघून शिरते काय?"

तिनं ते तसंच्या तसं फोनवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ढीगभर लोकांनी उत्तरं दिली. एकानं विचारलं, तुझी आजी पिक्चरच्या धंद्यात आहे का? मी म्हटलं, सांग, व्हय.

मग मला नादच लागला. रोज नवा प्रश्न काढायचा. ह्याला पापणी आहे का, झोपेतून उठून आलाय का, पाण्यातून वर आल्यावर उजेडानं डोळे बारीक होतात का. नात शोधत बसायची. मुलगा थेटरवाल्याला सांगायचा, "आई लई बारीक बघते, वेळ लागणारच." असे पंधरा दिवस गेले.

परवा सगळी निडी गावाला लग्नाला गेली होती. मी ब्रश भिजवला, टोक त्याच्या डोळ्याच्या खोबणीशी नेलं, श्वास धरला. हात थांबला नाही. दुसऱ्या हातानं मनगट धरलं तर दोन्ही कापायला लागले. गालावर काळा थेंब पडला, तो पदरानं पुसला. वाकडे चालतील म्हणाला होता ना मुलगा? वाकडेही येत नाहीत, बाबा. रेघच येत नाही. प्रश्न मी उगाच काढत होते. उत्तर मिळालं असतं तरी मला काही करता आलं नसतं.

नातीनं लिहायचं थांबवलंय. माझ्या पदराकडे बघते आहे. लिही गो, सांगतेय तोवर लिही.

काल ही तोंड पाडून आली होती, पिक्चर पुढं ढकलणार अशी बोलवा आहे म्हणाली. मी तोंडानं अरेरे म्हटलं. पण रात्री देवापुढे हात जोडले तेव्हा, त्याला समुद्रातच राहू दे, असं मागितलं. त्या घरं जळालेल्या लोकांसाठी नाही मागितलं, माझ्यासाठी मागितलं. आजवर देवाजवळ दुसऱ्याचं नाव पुढे करून पुष्कळ मागितलंय, ह्या वेळी तेवढंही केलं नाही.

हे पत्र कुठं धाडायचं ते हिला ठाऊक नाही आणि मलाही नाही. वहीतच राहील. मध्येच, डोळे झाले का विचारायला थेटरवाल्याचा फोन आला, म्हणून लिहिणं थोडं थांबलं. हिनं फोन कानाला लावला आणि माझ्याकडे बघितलं. "काका, आजीचा एक प्रश्न अजून राहिलाय," तिनं सांगितलं. कुठला, असं त्यानं विचारलं असावं, कारण तिनं फोनवर हात ठेवला आणि मलाच विचारलं, "कुठला गो आजी?"