ब्रुनोला झोपवायचं नाय

प्रिय हेमांगी,

रविवारी तू नि जावई ब्रुनोच्या डॉक्टरला घेऊन येणार, असं काल फोनवर बोललीस. तुमी या. डॉक्टर आणायचा नाय.

पावसाळा सरल्यावर ब्रुनोला बोयसरवरून माज्याकडं टाकून गेलीस तवा बोललेली, "आई, ऑपरेशन होऊनबी उभा राहत नाय, आता त्याला झोपवायला लागेल." मी बोलली, बरं. मला वाटलं, थकलाय, झोप पायजे. बघते तर हा कुत्रा दिवसभर झोपलेलाच! मागचे पाय ओल्या बोंबलासारखे लुळे, नि पोट तुमच्या बिस्किटांनी फुगलेलं. याला आणखी काय झोपवायचं? उठवायला पायजे.

पहिल्यांदा सुक्या वाळूत चालवला तर दोन पावलांत बसला. मीच येडी. होडी सुक्यावर ओढायला दहा माणसं लागतात, पाण्यात एक पोरबी ढकलते. मग ओहोटीला नेला त्याच्या छातीभर पाण्यात, पोटाखाली जुन्या लुगड्याची झोळी धरून. पाण्यानं वजन उचललं नि पाय लागले हलायला. शेजारचा महादू जाळं शिवता शिवता ओरडतो, "काकू, कुत्र्याला खलाशी करता काय?" मी बोलली, तुज्यापेक्षा बरा होईल, दारू तर पीत नाय. पाण्यानंतर ओली वाळू, मग घरची चढण, हळूहळू. दमला की घरी. बिस्किटं बंद. काटे काढलेली उकडलेली मासळी नि भात, तोबी ऊठबस केल्यावर. डॉक्टरनीबी आधी व्यायामच सांगितलेला ना? तुमाला वेळ नवता. तुला यातलं काय कळवलं नाय, उगाच चार सल्ले दिले असतेस.

आता मांडीला हात लावून बघ, मांस कसं घट्ट लागतं. परवा कोंबडीमागं चढण चढला. कोंबडी वाचली. मी शिव्या दिल्या, पण हसूबी आलं.

आणि काल तू बोलतेस, "आई, झोपवताना तू बाहेर बस, तुला बघवायचं नाय." झोपणाऱ्याला बघायला काय होतं? महादूला विचारलं, तवा त्यानं सुईचं सांगितलं. मरणाला झोप बोलता तुमी! आमच्याकडं मेला तर मेला बोलतात.

फोनवर तू रडतेस, मग मला बोलता येत नाय, म्हणून लिवते. मागच्या साली माजं खुब्याचं हाड मोडलं, मी खाटेला खिळली. तवा तूच दरडावलंस, "पडून राहिलीस तर कायमची पडशील, ऊठ." काखेत हात घालून, मग हातात काठी देऊन अंगणभर फिरवलंस, मी शिव्या घालत होती तरी सोडलं नायस. मला कुणी झोपवायचं बोललं असतं तर? तुजे हात माज्या काखेत, तशी माजी झोळी त्याच्या पोटाखाली, दुसरं काय केलं? रविवारी गाडी खाली रस्त्यावरच थांबव. चढणीवरनं दोघं येतो. तो पुढं, मी मागं, काठीबिगर.

तुजीच,
हट्टी आई
नवापूर