शेऱ्याचा खाना

मांडवा,
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. ऋतिका वहिनींस,
भावेशचा नमस्कार.

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. रागावू नका.

इकडे तुमच्या सासूबाईंचा, ठमीकाकूंचा, गुडघा धरलाय. सासरे, हिरामणकाका, शेतावर जातात, पण बांधावरच बसून राहतात. तुमची मांजर आमच्याकडे जेवते. तेजस्वीला तिकडच्या शाळेत घेतलं का? तिची चित्रकलेची वही राहिली होती, ती सोबत पाठवतोय.

माझं काम चालू आहे. आमची कंपनी धक्क्यावर आणि बोटींवर माणसं पुरवते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोनशे अकरा माणसं. कोणी आपल्याकडचे, कोणी यूपीचे, वीसेक खलाशी वलसाडकडचे. ज्यानं त्यानं अर्ज आपल्या भाषेत भरायचा आणि मी तो जसाच्या तसा कॉम्प्युटरवर चढवायचा. दहावी दोनदा नापास झालो, पण ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकलो नाही, म्हणून शेठनं मला ठेवलं. गुजराती अक्षरंसुद्धा मी बघून बघून शिकलो.

मे महिन्यात नवा प्रोग्राम आला. जुनी माहिती त्यात भरली आणि सकाळी बघतो तर इंग्रजी तेवढं शाबूत. मराठी, हिंदी, गुजराती, सगळ्याची प्रश्नचिन्हं झालेली. जुनी मशीन तोवर भंगारात गेली होती. पनवेलच्या प्रोग्रामवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "अरे भाई, खाने फक्त इंग्लिशसाठी बनवलेत. दुसरी लिपी त्यात राहत नाय. खाने बदलून सगळं परत टाईप करायला लागेल."

नावं पगाराला लागतात, म्हणून ती मी दोन दिवसांत इंग्रजीत भरली. शेऱ्याचा खाना, म्हणजे कोणाबद्दल काही खास लिहून ठेवायचं असेल तो रकाना, तेवढा राहिला.

वहिनी, इथपर्यंत लिहून मी तीनदा कागद फाडलाय.

दोन वर्षांपूर्वी अल्पेशदादा धक्क्यावरच्या गोदामात लागला, तेव्हा तुम्ही स्वतः ऑफिसात आला होतात. "भाऊजी, यांना पाण्यावर धाडू नका. आकडी येते. लिवून ठेवा, हे काय सांगायचे न्हायत."

दादा हसला. "हिला वाटतं मी बुडंन. अगं, खाडीवर जल्मलोय मी!"

तुम्ही ऐकलं नाहीत. तेजस्वीच्या वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहून दिलीत. मी ती तुमच्यासमोर शेऱ्यात टाईप केली आणि वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, "आता माझ्या जिवाला घोर न्हाय."

जूनमध्ये तपासणीचे साहेब येणार होते. शेठनं यादी छापायला सांगितली. शेऱ्याच्या खान्यात नुसती प्रश्नचिन्हं, कोणाकोणापुढे तीन-तीन ओळी. मला ते बघवेना. मी तो अख्खा खाना निवडला आणि पुसून टाकला. यादी स्वच्छ दिसायला लागली. शेठ म्हणाला, "बघ, आता कशी मस्त दिसते!" मलाही बरं वाटलं. अर्जांना जोडलेल्या चिठ्ठ्यांवरून नंतर भरू, असं ठरवलं. भरलं नाही. विसरलो असं लिहिणार नाही. आठवण रोज व्हायची.

गणपतीनंतर माल वाहायच्या बार्जवर दोन माणसं कमी पडली. मी त्या दिवशी कागद घेऊन अलिबागला गेलो होतो. मुकादम येसाजीनं भिंतीवर लावलेली तीच छापील यादी बघितली आणि दादाला दोर बांधायला पाठवलं. दादानं सवयीप्रमाणे काहीच सांगितलं नाही. पुढचं तुम्हाला मी काय सांगू.

दहाव्याला येसाजी माझ्यापाशी बसून रडला. "प्रश्नचिन्हं जरी असती ना भाव्या, तरी मी तुला फोन केला असता. कोरं होतं रे. कोरं म्हंजे काय न्हाय, असंच धरलं मी."

खाना मी पुसला, हे मी त्याला सांगितलं नाही.

कंपनीचं पत्र काकांना आलं, 'घरच्यांनी आजार लपवला', ते मीच टाईप केलं होतं. शेठ सांगत गेला, मी लिहीत गेलो. त्यात एकही चूक नव्हती. काकांनी ते तुमच्या अंगावर फेकलं, तेव्हा मी दारातच होतो. तुम्ही म्हणालात, "मी चिठ्ठी दिली होती. भाऊजींना इचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर तसं काही नाही." ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेजस्वीला घेऊन माहेरी गेलात.

चिठ्ठी माझ्याकडेच होती. फाईलमध्ये, अर्ज क्रमांक सत्त्याऐंशीला टाचणी लावून.

आज सकाळी ती काका-काकूंना वाचून दाखवली आणि खाना मी पुसला हेही सांगितलं. काकूंना वाचता येत नाही, तरी तुमचं अक्षर बराच वेळ बघत राहिल्या. काका एवढंच म्हणाले, "ऊठ. परत या घरात पाय ठेवू नको."

उद्या मूळ चिठ्ठी अलिबागला अपघाताची चौकशी करणाऱ्या साहेबांना देतोय, माझ्या सहीच्या जबाबासकट. शेठला सांगितलेलं नाही. झेरॉक्स सोबत आहे, जपून ठेवा. तुम्ही सांगितलं होतं, हे तेजस्वीला मोठेपणी दाखवायला कागद हवा.

मला उत्तर लिहू नका. माफीसाठी हे लिहिलेलं नाही.

चिठ्ठी हाताशी असूनही गप्प बसलेला,
भावेश रावजी ठाकूर