जन्मतारखेची चौकट

फ्लीटवुड, १८ एप्रिल

चि. सौ. एनिड हिला आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र तुझ्या चर्चच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे गार्थ फोडायचा नाही. नवरा कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहतो, बायकोची टपाली मतपत्रिका स्वतःच भरतो आणि तिला नुसती सही करायला लावतो. नवरा आहे की फौजदार?

मी इथल्या कौन्सिलच्या ऑफिसात विचारलं. तिथली पोरगी म्हणाली, टपाली मत रद्द करून केंद्रावर जा, आत कुणी डोकावू शकत नाही. फक्त फोटोचं ओळखपत्र लागतं. आता तुझा पासपोर्ट त्याच्या व्हॅनमध्ये कुलपात, हे तिला काय सांगू? मतपत्रिका नवरा भरतो एवढंच बोलले, तर पोलिसांत जा म्हणाली. तू जाणार नाहीस, मला ठाऊक आहे.

काहीतरी कर, बाई. कळव.

तुझी ताई,
मेव्हिस

ग्रिम्झबी, २५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

कौन्सिल मतदारांना फुकट देतं ते ओळखपत्र मागवलं तरी ते घरी येणार, आणि टपाल तोच फोडतो. आजवर घर त्याच्या मुठीत होतं, आता अख्खा वॉर्ड जाईल.

काल नाश्ता झाल्यावर त्याने माझ्या मतपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढे फुली मारली आणि सहीचा कागद पुढे सरकवला. म्हणाला, "सही कर, जन्मतारीख घाल. एवढं तरी नीट कर."

सही झकास केली. जन्मतारखेच्या चौकटीत त्या दिवसाचीच तारीख घातली. आई दरवेळी तशीच चुकायची आणि तिचं मत बाद व्हायचं, आठवतं? तू किती हसायचीस. गार्थला कळलंच नाही. माझा वाढदिवस त्याला कधी आठवलाय? पाकीट स्वतः टपालपेटीत टाकून आला.

माझं मत मला मिळालं नाही, पण त्यालाही नाही. ताई, रात्री पोटभर जेवले.

तुझी,
एनिड

फ्लीटवुड, २८ एप्रिल

चि. एनिड, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले, आणि मग एक गोष्ट आठवली. आईचं मत बाद झालं हे आपल्याला कळायचं कसं? निवडणूक झाली की ऑफिसातून घरी पत्र यायचं, जन्मतारीख जुळली नाही म्हणून. तसंच तुझ्या नावाने येईल. फोडणार कोण?

तो निवडून आला तरी फोडेल, पडला तर विचारायलाच नको. ती आईसारखी चूक होती असं सांगशीलही, पण तुला खोटं बोलता येत नाही, लगेच कान लाल होतात.

नवरा माझाही आहे, डेस्मंडला मागची खोली रिकामी करायला लावली आहे. पासपोर्ट मरू दे त्याच्या व्हॅनमध्ये. रविवारी नेहमीसारखी फुलं मांडायला चर्चमध्ये जा. मागच्या दाराशी डेस्मंड गाडी घेऊन उभा असेल. पिशवी नको, नुसता कोट घाल.

फुलं मांडायची राहिली तरी चालेल. 'लोभ असावा' वगैरे काय ते इथे आल्यावर बोलू. या पत्राला उत्तर लिहू नकोस.

मेव्हिस