मी कोण, हे प्रविणने सांगावे

लिहून ठेवणार : सिंधुबाई शहादेव ओव्हाळ, वय ४९, अंगणवाडी मदतनीस, राहणार धर्मापुरी, ता. परळी, जि. बीड.

माझे डोके ठिकाणावर आहे. अंबाजोगाईच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या एकुलत्या मुलाचे, प्रविणचे, मत वेगळे आहे. पुढच्या आठवड्यात माझे पोटाचे ऑपरेशन आहे, म्हणून कोणाच्याही दडपणाशिवाय आज हे लिहिते.

१. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर माझ्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. पती शहादेव दारूत गेले. त्यांची त्यात एक वीट नाही. रविवारी मी विहारात पंचशील घ्यायला निघाले की ते म्हणायचे, "भिक्खुनी व्हायचं हाय का तुला?" तसे काही नव्हते. खोटे बोलणार नाही असे बुद्धापुढे म्हणायचे आणि घरी येऊन खोटे बोलायचे, याची मला लाज वाटायची. एवढ्यावर मी गावात मान वर करून राहिले.

२. प्रविण शहरात नोकरीला आहे. भाड्याच्या घरासाठी त्याने जात लपवली. दारावर आडनाव नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे असताना त्याचे साहेब जेवायला आले. मी वाढत होते. त्यांनी विचारले, "मावशी, कुठल्या तुम्ही?"

मी म्हणाले, "धर्मापुरीची. प्रविणची आई हाय मी. जयभीम."

प्रविण हसला. "गावाकडून आणलेली कामवाली आहे, सर. डोक्यानं जरा अशीच. मनावर घेऊ नका."

साहेबही हसले आणि त्यांनी आणखी भाजी मागितली. मी वाढली.

३. सून अंजलीला काही नाही. ती हसली नाही, पण तोंडही उघडले नाही. शिलाई मशीन शेजारच्या छबुबाईने न्यावी. तिच्या जिभेने मला आयुष्यभर छळले, पण जे बोलली ते तोंडावर बोलली.

४. प्रविणने मला खांदा देऊ नये. कामवालीला साहेब लोक खांदा देत नाहीत.

५. घर एका अटीवर प्रविणचे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जो बोलायला उठतो, तो आधी आपले नाव आणि गेलेल्या माणसाशी असलेले नाते सांगतो, ही आपल्याकडची रीत आहे. प्रविणने त्याच साहेबांना सोबत आणावे, माइकपुढे उभे राहून आपले पूर्ण नाव सांगावे आणि मी त्याची कोण, ते सांगावे. न सांगितल्यास घर विहाराचे. तो सांगणार नाही, याची मला खात्री आहे. विहार कमिटीने खिडक्यांची मापे आताच घ्यायला हरकत नाही.

तरी त्या दिवशी कार्यक्रम आटोपायची घाई करू नये. शेवटचा माणूस बोलून खाली बसला, तरी माइक थोडा वेळ चालू राहू द्यावा.

वरील मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आहे. अंगठा नाही.

सही : सिंधुबाई शहादेव ओव्हाळ

साक्षीदार :
आप्पाराव किसन सरवदे (सही)
नवनाथ लिंबाजी आदमाने (सही)

ठिकाण : धर्मापुरी
दिनांक : ९ जानेवारी २०२५