बानाआजीची नर्सरी

रामदादा,

तू पाठवलेला माणूस काल चितेगावला जमीन बघायला आला होता. त्याला नर्सरीच्या जागी गोदाम बांधायचंय. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, म्हणून मीच बोलले, "जमीन विकायची नाय."

"तुमचे भाऊ तर तयार आहेत," तो म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. केरबाआजोबा दुष्काळात माणदेशातून मेंढरं घेऊन इथं आले. पाऊस झाल्यावर बाकीचे धनगर माघारी गेले, पण बानाआजी हटून बसली, "मी आता चालणार नाय. इथं झाडं लावते." लेंडीखतावर तिनं मोसंबीची रोपं केली. तिचा लेक, म्हणजे आपले अण्णा, कलमं बांधायला शिकले आणि त्यांनी नर्सरी उभी केली. आता ती मी चालवते.

तो रोपांमधून लई वेळ फिरला. "गोदाम दुसरीकडं बांधतो," म्हणाला, "पण सावलीला झाडं तुमच्याकडचीच नेणार." कडुलिंबाची मोठी ऑर्डर देऊन गेला. अण्णा किती दिवसांनी मोठ्यानं हसले!

हे पत्र मी टाकणार नाय. पाडव्याला तू आलास की तोंडावर सांगीन. तुझ्या वाट्याच्या तुकड्यातही मी मोसंबी लावलीय, दादा. उपटायची असली तर तुझ्या हातानं उपट.

तुझी,
रत्नमाला